थोरले काहीच बोलत नाहीत

७ जानेवारी

ताई,

फोनवर मी नुसतं "बघू, बघू" करत राहिलो आणि तू फोन ठेवून दिलास. बरोबर केलंस. मला बोलायचं नव्हतं असं नाही, फोनवर बोलायचं नव्हतं. दुसऱ्यांच्या फोनमधलं बोलणं आमच्या पानावर कसं येतं हे इतकी वर्षं जवळून पाहिल्यावर सख्ख्या बहिणीशीही हवापाण्यापलीकडे काही बोलवत नाही. आमच्याकडे त्या कामाला 'कान लावणं' म्हणतात. कान कुणाचा, हे कुणी विचारत नाही. तेव्हा आपलं टपाल बरं. पाकीट फोडलं तर निदान दिसतं.

समितीचं बोलावणं आलं. वसतिगृहाच्या आगीच्या बातम्या आमच्या पेपराने कशा छापल्या याची चौकशी आहे आणि वृत्तसंपादक म्हणून मला साक्ष द्यायची आहे. समिती अधीक्षिकाबाईंच्या अर्जावरून बसली म्हणे. त्या तुझ्या समोरच्या खोल्यांत राहायला आल्या तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. अर्जात 'लोकशाहीचा खांब विकून त्याच्या विटांचा बंगला बांधणारे' असं एक वाक्य आहे. हात भाजलेली थकलेली बाई असं वाक्य लिहीत नाही, ताई. टाळ्यांसाठी थांबायची जागासुद्धा सोडली आहेस.

तुझा प्रश्न सोपा आहे. 'मुलींना आगीत टाकून अधीक्षिका फरार' हा मथळा मी दिला, हे तुला पहिल्यापासून माहीत आहे. पण तो द्यायला आमच्या मालकांनी सांगितलं की नाही? हो का नाही, एका शब्दात सांग म्हणालीस.

थोरले काहीच बोलत नाहीत, ताई. सगळी कचेरी त्यांना थोरले म्हणते. सात पेपर आणि दोन वाहिन्या चालवतात, पण बातमीबद्दल त्यांच्या तोंडून शब्द ऐकलेला माणूस मला भेटलेला नाही. संध्याकाळी पान लागत असताना ते खाली येतात. टेबलावर बातम्यांचे कागद पसरलेले असतात. उभ्याउभ्या वाचतात. ज्या कागदावर ते चष्म्याचं घर ठेवतात ती बातमी पहिल्या पानावर, आणि पुढे रोज. ज्या कागदावर चहाचा कप ठेवतात ती संपली. मग उकाड्याबद्दल काहीतरी बोलतात, शिपायाच्या आईची तब्येत विचारतात आणि जातात. हे कुणाला शिकवावं लागत नाही. एकदा एका नव्या उपसंपादकाने "साहेब, कप इकडे घेऊ का?" म्हणून कप उचलला. पुढच्या आठवड्यापासून तो राशिभविष्य लिहायला लागला.

आगीच्या संध्याकाळी टेबलावर दोन कागद होते. एक, वसतिगृहाच्या अधीक्षिका कुठे दिसत नाहीत. दुसरा, आग ज्या विजेच्या तारांतून लागली त्या वर्षापूर्वीच बदलल्या होत्या, आणि त्या बदलणारी कंपनी थोरल्यांच्या जावयाची. पहिल्यावर घर, दुसऱ्यावर कप.

आता शपथेवर विचारतील, मालकांनी सांगितलं होतं का? खरं उत्तर आहे, नाही. हे तुला फोनवर कसं सांगणार होतो?

धाकटा

१५ जानेवारी

धाकट्या,

चष्म्याचं घर. मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला. सत्तेची चिन्हं म्हणून राजदंड सांगितला, मोहर सांगितली, तोफा सांगितल्या. चष्म्याचं घर तेवढं राहून गेलं. जुन्या राजांना निदान फर्मान काढावं लागे, त्याखाली शिक्का मारावा लागे, आणि पुढे कधी लोक खवळले तर ते फर्मान त्यांच्या तोंडावर फेकता यायचं. तुमच्या थोरल्यांनी त्याहून पुढची मजल गाठली. हुकूम आहे, हुकूम देणारा नाही. आणि हे सगळं चाललं ते तुमच्यासारख्या शहाण्यांच्या समजूतदारपणावर. त्यांना बोलायची गरज काय? तुम्ही ऐकत होतात ना.

वाक्यं माझी आहेत, मान्य. पण दुःख माझं नाही, म्हणून आता बाईंबद्दल ऐक.

त्यांना पोलक्याची गुंडी लावता येत नाही. बोटांची कातडी आकसली आहे. डब्याची झाकणं मी उघडून देते, त्याही न लाजता मागतात. वसतिगृहात जन्म गेल्यामुळे मागण्याचा संकोच नाही. पण जिन्यात कुणी भेटलं की त्या भिंतीकडे सरकून उभ्या राहतात. आमच्या मजल्यावरची माणसं भली आहेत, दगड वगैरे मारत नाहीत. बाई दिसल्या की हातातल्या फोनमध्ये बघायला लागतात, एवढंच. खालच्या दुकानदाराने परवा त्यांच्यासमोरच त्यांना ओळखलं आणि मला विचारलं, "ह्याच का त्या?" जणू बाई म्हणजे काचेपलीकडची वस्तू.

मी त्यांना म्हटलं, आपण नुकसानभरपाई मागू, मालकाला पिंजऱ्यात उभं करू, त्याच्या सातही पेपरांना जाहीर माफी मागायला लावू. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मागा. मला एकच वाक्य हवंय. मी पळाले नव्हते. ज्यांनी मी पळाले म्हणून सांगितलं, त्यांच्याच तोंडून हवंय."

तेवढं एक वाक्य तुमच्या घरातून निघत नाही, धाकट्या. आणि तू मला समजावतोस की मालक बोललेच नाहीत.

तुझी निवृत्ती तोंडावर आली आहे हे मी विसरले नाही. हार घालतील, पाठ थोपटतील, खुर्ची भेट देतील. तेवढ्यासाठी जीभ चावून बसणार असशील तर स्पष्ट लिही. म्हणजे माझ्या भावाकडून अपेक्षा ठेवायची की नुसतं त्याच्या गुडघ्याची चौकशी करायची, ते मला ठरवता येईल.

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

गुडघा बरा आहे.

तुझं पत्र खिशात घालून आठवडाभर फिरलो. त्यात चूक शोधत होतो, सवयीने. सापडली नाही. निवृत्तीची तेवढी चूक आहे. मला हार नको आहेत. खुर्ची तर मुळीच नको, बसून बसूनच हे सगळं झालं.

एक सांगायचं राहिलं होतं. चिमीला आमच्या वाहिनीवर आठच्या बातम्या मिळाल्या. इतके दिवस दुपारच्या वाचत होती, आता मुख्य वाचणार. तिच्या वयाच्या कुणाला अजून मिळालेल्या नाहीत. समितीचं पत्र मला आलं त्याच आठवड्यात तिला ही बढती मिळाली. ती लायक आहे, ताई. आधी हेच लिहितो, कारण पुढचं वाचून तू ते विसरशील.

परवा थोरल्यांनी मला वर बोलावलं. मी त्यांच्या खोलीत वर्षातून एकदा जातो, तेही दाराशी उभं राहून शुभेच्छा द्यायला. त्यांनी बसवलं. माझ्या बायकोला जाऊन किती वर्षं झाली ते विचारलं. तुझ्या गावाची हवा कशी आहे ते विचारलं. तुझं गाव त्यांना माहीत आहे, हे मला तिथे कळलं. उठताना म्हणाले, "मुलगी छान वाचते हो. खूप पुढे जाईल. घरच्यांनी सांभाळायला हवं."

एवढंच. याला धमकी म्हणून कुठे नोंदवशील? समितीपुढे सांगितलं तर ते म्हणतील, मालकांनी तुमच्या मुलीचं कौतुक केलं, तुम्हाला त्रास कसला झाला?

घरी आलो तर चिमी आधीच आलेली होती. तिला सगळं माहीत होतं. कचेरीत भिंतींना कान असतात, आमच्याकडे तर पगारी. ती काय म्हणाली ते लिहीत नाही.

साक्ष एकोणतीस तारखेला होती, ती पुढे ढकलली. थोरल्यांच्या वकिलाला ताप आला.

धाकटा

९ फेब्रुवारी

धाकट्या,

मी तुला जीभ चावून बसणारा म्हटलं ते अर्धं मागे घेते. उरलेलं अर्धं साक्ष झाल्यावर.

चिमीचं मला आधीच सुचायला हवं होतं. मी तुझ्या खुर्चीकडे बघत राहिले आणि दोरी बांधली होती पोरीच्या पायाला. ती काय म्हणाली ते तू लिहिलं नाहीस, पण ती काय म्हणाली असेल ते मला कळतं. "बाबा, तुमचं झालं, माझं अजून व्हायचंय." असंच ना? तिला दोष देऊ नकोस. तिच्या वयाला आपण दोघंही असंच काहीतरी बोललो असतो. आपल्याला बढतीच कुणी दिली नाही म्हणून आपली तत्त्वं शाबूत राहिली.

पण एक गोष्ट तिला सांग, नाहीतर मी सांगेन. बातमीच्या धंद्यात ज्या माणसाला मुलीचा पगार दाखवून गप्प करता येतं, त्याची मुलगीही उद्या कुणाला तरी दाखवून गप्प केली जाईल. हे संपत नाही. घराघरातून एकेक माणूस ओलीस ठेवून त्यांचं साम्राज्य उभं आहे. तोफा लागतात कशाला?

साक्षीला जाताना सरळ जा. हुकूम तोंडानेच द्यावा लागतो असं कुठल्याही शहाण्या माणसाने म्हटलेलं नाही. घोडेस्वार घोड्याशी बोलत नाही, लगाम ओढतो. हे वाक्य वापरलंस तरी चालेल. वापरणार नाहीस, माहीत आहे. तू तिथे जाऊन पुटपुटशील. निदान खिशात हात घालून उभा राहू नकोस.

बाईंना तुझ्या साक्षीबद्दल सांगितलं. त्यांनी तुझं वय विचारलं, बाकी काही नाही.

ताई

३ मार्च

ताई,

झालं.

तुला वाटतं तसं ते न्यायालय नसतं. एका सरकारी इमारतीतली लांबट खोली, मधोमध टेबल, भिंतीला टेकवून ठेवलेल्या जादा खुर्च्या, आणि पंखा इतका मोठ्याने फिरतो की अध्यक्ष दर तिसऱ्या वाक्याला "पुन्हा सांगा" म्हणतात. हुकूम ही गोष्ट तशा खोलीत तिसऱ्यांदा मोठ्याने सांगितली की ती खरी वाटेनाशी होते. मलासुद्धा.

मी सगळं सांगितलं. घर, कप, जावई, तारा. तुझा घोडेस्वार नाही सांगितला. थोरल्यांचा वकील उठला. तरतरीत होता, ताप चांगलाच मानवला होता. त्याने स्वतःच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं आणि अध्यक्षांपुढच्या कागदावर ठेवलं. "महाराज, आपल्याला काही आदेश मिळाला का?" सगळे हसले. अध्यक्षही हसले. लेखनिक बाई हसल्या. खरं सांगू? मलाही हसू आलं. इतकं नेमकं केलं त्याने.

माझ्यानंतर आमच्याच टेबलावरचे चौघे आले. त्यांच्यापैकी दोघांना मी काम शिकवलं आहे. एकानेही चष्म्याचं घर कधी पाहिलेलं नव्हतं. एक म्हणाला, थोरले संध्याकाळी चष्मा लावतच नाहीत. दुसरा म्हणाला, ते चहा सोडून वर्षं झाली. चौघांच्याही मुलांची शिक्षणं चालू आहेत. मला राग आला नाही. त्यांच्या जागी असतो तर मी काय सांगितलं असतं याचा अंदाज मला आहे.

शेवटी अध्यक्षांनी स्वतः एक प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं. ते नंतर लिहितो. आज दमलोय.

धाकटा

६ मार्च

धाकट्या,

नंतर लिहितोस म्हणालास. दुसऱ्या पेपराने तुझी वाट बघितली नाही. आतल्या पानावर पाच ओळी आहेत. अध्यक्षांनी विचारलं, मथळा छापायला गेला तेव्हा अधीक्षिका कुठे आहेत हे तुम्हाला माहीत होतं का? तू म्हणालास, हो. आमच्या बातमीदाराचा दवाखान्यातून फोन आला होता. बाई इथेच आहेत, मागची जाळी हाताने तोडून मुली बाहेर काढताना भाजल्या, दोन्ही हात बांधलेत, असं त्याने सांगितलं होतं.

तुला त्याच संध्याकाळी माहीत होतं.

आम्ही समजत होतो की तुम्हाला नंतर कळलं. घाई होती, गोंधळ होता, चूक झाली, मग मालकाने ती सुधारू दिली नाही. बाईसुद्धा तसंच समजत होत्या. "त्यांना माहीत नसेल हो," असं माझीच समजूत काढायच्या.

मला तुझ्याशी काही बोलायचं नाही.

१९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र येणार नाही हे धरून लिहितो.

साक्षीच्या आदल्या दिवशी थोरल्यांच्या त्याच वकिलाने मला चहाला नेलं होतं. फार सौजन्याने वागला. म्हणाला, "चष्म्याचं काय बोलायचं ते बोला, आम्ही बघून घेऊ. फक्त दवाखान्याचा फोन तुम्हाला आठवत नाही. इतक्या दिवसांनी कुणाला आठवेल?" कागदावर तो फोन कुठेच नव्हता. तो करणारा बातमीदार नोकरी सोडून परदेशी गेला. 'आठवत नाही' म्हटलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. त्या वेळी जेवढं माहीत होतं तेवढं छापलं, एवढाच थोरल्यांचा बचाव होता, आणि तो टिकला असता. बाईंच्या नावापुढे कायमचं 'संशयास्पद' राहिलं असतं.

मला आठवत होतं. त्याचा आवाजसुद्धा आठवत होता, फोनवर तो मोठ्याने श्वास घेत होता.

'हो' म्हणताना मला दोन्ही दिसत होतं. त्या एका 'हो'ने बाई सुटणार होत्या, आणि थोरलेही. माहीत असून छापलं वृत्तसंपादकाने, मालकांचा संबंध काय? वकिलाने बरोबर तोच धागा पकडला. तू माझ्या जागी असतीस तर दोघांपैकी कुणालाच सोडलं नसतंस, असं तुला वाटत असेल. मला तिथे तिसरा दरवाजा दिसला नाही.

फोन आल्यावर मी मथळा का बदलला नाही, हे तू विचारणार. घर अजून कागदावर होतं. दुसरं कारण शोधून पाहिलं, नाही सापडलं.

चिमी साक्षीच्या दिवसापासून घरी येत नाही. "जाऊ नका" एवढंच म्हणाली होती, आणि मी गेलो. दोन गल्ल्या पलीकडे राहते. रोज आठला दिसते.

धाकटा

५ मे

धाकट्या,

मी लिहिणार नव्हते. बाईंनी लिहायला बसवलं.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. वाचायच्या आधी सांगितलं की मी याला माफ केलेलं नाही, तुम्हीही करू नका. माझी अपेक्षा होती त्या रडतील, किंवा मला आधार द्यावा लागेल. त्या बराच वेळ त्या फोनच्या जागेशीच अडून बसल्या. ते पुन्हा वाचा म्हणाल्या. पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तिथे होते."

मला कळेना. त्या म्हणाल्या, रोज पेपरात वाचून, रोज टीव्हीवर ऐकून त्यांना स्वतःलाच शंका यायला लागली होती. मधे काही क्षण आपण बाहेर पळालो असू का? धुरात काय आठवतं? हात तर पळतानाही भाजू शकतात. हे त्यांनी मला इतक्या दिवसांत एकदाही सांगितलं नव्हतं. माणसाला बदनाम करतात हे मला माहीत होतं, धाकट्या. त्याच्यावर त्याचाच विश्वास राहू देत नाहीत, हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

तू थोरल्याला सोडलंस हे मला पटलेलं नाही. पटणारही नाही. पण बाईंना तो मुद्दा अजिबात महत्त्वाचा वाटत नाही, आणि दुःख त्यांचं आहे असं मीच तुला लिहिलं होतं.

अहवाल पुढच्या महिन्यात येईल म्हणतात. बाईंनी ठरवलंय, त्या दिवशी तुमच्याच वाहिनीवर आठच्या बातम्या बघायच्या. दुसऱ्या कुणी सांगितलेलं नको आहे. चिमी वाचणार हे मी त्यांना सांगितलंय.

गुडघ्याला गरम पाण्याने शेकत जा.

ताई

१८ जून

ताई,

अहवाल आला. तू वाचला असशीलच. सकाळी अहवाल, दुपारी माझं बडतर्फीचं पत्र, चारच्या सुमाराला घराखाली आमच्याच वाहिनीची गाडी. कॅमेरा धरलेला मुलगा ओळखीचा निघाला, त्याने नजर चुकवून काम केलं. मी खिडकीशी गेलो की खालून ओरडतात, "सर, एक मिनिट." सर म्हणतात अजून. फोन बंद करून ठेवलाय.

आपल्यावरची बातमी कशी लागणार हे मला पाठ होतं. कुठला फोटो काढतील तेही. मान खाली गेलेला, साक्षीच्या दिवशीचा. मीसुद्धा तोच निवडला असता.

आठला टीव्ही लावला. चिमीने निळं नेसलं होतं. पहिलीच बातमी माझी. 'खोट्या वृत्ताबद्दल वृत्तसंपादक दोषी, समूहाकडून तत्काळ कारवाई.' तिने माझं नाव स्वच्छ उच्चारलं. कुठे अडखळली नाही. मग थोरल्यांचं निवेदन, आमचा समूह सत्याशी बांधील आहे वगैरे. पडद्यावर ती ओळ फिरत होती, बातमी संपत आली होती, आणि बाईंचं नाव कुठेच नव्हतं. वसतिगृहसुद्धा नव्हतं. नुसतं 'एका प्रकरणात'. हे गाळायचं कौशल्य मी ओळखतो, ताई. ज्याने गाळलं त्याला मी शिकवलंय.

बाई तुझ्याजवळ बसून वाट बघत असतील हे आठवलं आणि मला पुढे बघवेना. बंद केला.

चिमीला रागावू नकोस. तिला कागद मिळाला, तिने वाचला. मी इतकी वर्षं वेगळं काय केलं? बाईंना माझ्याकडून सांग... नाही, काही सांगू नकोस.

धाकटा

२१ जून

धाकट्या,

तुझा फोन बंद, आणि टपालावर माझा भरवसा नाही. म्हणून हे पत्र आमच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. तो उद्या सकाळी तुमच्या शहरात पोचेल. त्याला चहा दे.

बाई साडेसातलाच येऊन बसल्या होत्या. केस नीट बांधून घेतले होते, माझ्याकडून. तुझी बातमी सुरू झाली, मी त्यांचा हात धरायला गेले तर दुखतो म्हणून त्यांनी तो सोडवून घेतला. तुझं नाव आलं. निवेदन आलं. बातमी संपली. मी टीव्हीला काय काय बोलले ते कागदावर घालत नाही. बाई म्हणाल्या, "थांबा, तिचं संपलं नाहीये."

खरंच संपलं नव्हतं. पुढची बातमी येईना. चिमी नुसती बघत होती. तिच्या कानात कुणीतरी काहीतरी ओरडत असणार, तिने मान किंचित बाजूला केली. आणि समोर कागद नसल्यासारखी, बातमीच्याच सुरात म्हणाली:

"समितीने असंही म्हटलं आहे की वसतिगृहाच्या अधीक्षिका आगीच्या वेळी तिथेच होत्या. मुलींना बाहेर काढताना त्यांचे हात भाजले. त्या फरार असल्याची आमची बातमी खोटी होती."

आमची म्हणाली, धाकट्या. आणि एकदम जाहिरात लागली. जाहिरातीनंतर हवामान सांगायला दुसराच कुणीतरी बसला होता.

तुझ्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तुझी बाजू घेतली नाही, माझे वडील म्हणाली नाही. उरलेली बातमी सांगितली फक्त.

अशा वेळी मी उभी राहून बोलते, तुला माहीत आहे. या वेळी मी बसल्या जागी टीव्ही बंद केला. बाई म्हणाल्या, "तिला आता कोण ठेवून घेईल?" त्यांना सगळ्यात आधी हे सुचलं. मी म्हटलं, कुणी नाही. खोटं कशाला बोलू? तुझ्या धंद्यातले सगळे रस्ते त्या एका माणसाच्या दारावरून जातात. तो अजून तिथेच आहे. अहवालात त्याचं नाव एकदाच येतं, शेवटच्या पानावर, सहकार्याबद्दल आभार मानताना. मी नव्याने अर्ज लिहायला घेतलाय, आता तू आणि चिमी, साक्षीदार दोन झाले. त्यातून काही निघेल अशी मोठी आशा नाही. तरी लिहितेय. बाईंनी त्यावर सही करायचं कबूल केलंय, कशी होईल तशी.

काल दुपारी चिमीचा फोन आला. नोकरी गेल्याचं एका वाक्यात सांगितलं. मग विचारलं, "बाबांनी बघितलं का?"

तुझं पत्र माझ्या पुढ्यातच होतं. हो म्हणणं फार सोपं होतं, आणि पोरीला बरं वाटलं असतं. पण या घरात बरं वाटावं म्हणून पुष्कळ झालं. मी म्हटलं, त्यालाच विचार.

ती विचारायला येणार नाही, तुझ्यावर गेली आहे. तूच जा. खाली गाडी असली तर असू दे, ओरडू देत सर सर म्हणून. तिला खरं सांग की मधेच बंद केला, पुढचं बघवलं नाही. ती चिडेल. चिडू दे. मग तिला म्हण, ते वाक्य एकदा माझ्यासमोर म्हण. आणि ते पुरं होईपर्यंत जागचा उठू नकोस.

ताई